खानापूरच्या रानातली वेगळी पाल: पहिल्या नोंदीपासून शास्त्रीय नावापर्यंत

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून, म्हणजे जांबोटी, कणकुंबी, हेम्माडगा, लोंढा या पट्ट्यातून दर पावसाळ्यात फोनवर फोटो यायला लागतात. कुणाच्या गोठ्याच्या भिंतीवरची पाल असते, कुणाच्या काजूच्या बागेतला सरडा असतो, आणि खाली एकच प्रश्न: ही नवीन प्रजाती तर नसेल? बहुतेक वेळा नसते. पण प्रश्न रास्त आहे. आपल्या आजूबाजूच्या डोंगरांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत खरोखरच नव्या प्राण्यांना नावं मिळाली आहेत. वाट दाखवायला, दगड उचलायला, ओढा कुठून ओलांडायचा ते सांगायला गावातली पोरं असतात; शोधनिबंधावर मात्र त्यांचं नाव क्वचितच दिसतं. ते दिसावं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. प्राणिशास्त्र शिकणारी मुलं, वनखात्याचे वॉचर आणि रोज रानात जाणारा कुणीही जिज्ञासू माणूस यातलं बरंच काम करू शकतो. कोणतं काम स्वतः करायचं आणि कुठे जाणकाराचा हात धरायचा, हे कळलं पाहिजे.

आपला भाग या बाबतीत नवखाही नाही. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतल्या वटवाघळाचं वर्णन ओल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ साली केलं. रॉटनचं वटवाघूळ म्हणून ते ओळखलं जातं आणि पुढची कित्येक दशकं जगात ते फक्त या एका गुहेत माहीत होतं. नंतर मेघालय आणि कंबोडियातही सापडलं. २००७ मध्ये चोर्ला परिसरातल्या एका देवगांडुळाला (गांडुळासारख्या दिसणाऱ्या बिनपायांच्या उभयचराला) म्हादई नदीवरून नाव मिळालं.

घोयऱ्याबद्दल आधी

सर्वांत जास्त विचारणा होते ती शॅमेलिऑनची, म्हणजे आपल्या घोयऱ्याची. जगात शॅमेलिऑनच्या दोनशेहून जास्त प्रजाती आहेत आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्करात. भारतात मान्य असलेली प्रजाती एकच, कॅमेलिओ झेलॅनिकस. लॉरेंटी यांनी १७६८ मध्ये तिला हे नाव दिलं. घोयरा कोरड्या, झुडपी रानात रमतो. त्यामुळे तो पाहायचा तर बेळगाव जिल्ह्याच्या पूर्वेकडचा माळ धुंडाळावा, कणकुंबीच्या धुक्यात फिरून उपयोग नाही. हिरवा, पिवळट, काळ्या ठिपक्यांचा, करडा असे त्याचे चार फोटो चार प्रजातींसारखे दिसतात आणि चारही एकाच प्राण्याचे असू शकतात. शॅमेलिऑनमध्ये रंगावरून काहीही सिद्ध होत नाही. डोक्यावरच्या टोपाची उंची, गळ्याखालच्या आणि पाठीवरच्या दातेरी रांगा, खवल्यांची ठेवण आणि नराच्या जननेंद्रियाची रचना हे पाहावं लागतं. आणखी एक: तो विषारी नाही. विषारी समजून त्याला दगडानं ठेचतात, ते थांबवणं हे कुठल्याही शोधाइतकंच मोलाचं काम आहे.

नवे शॅमेलिऑन सापडतात ते मुख्यतः आफ्रिकेत आणि मादागास्करात, आणि तिथली उदाहरणं आपल्याला बरंच शिकवतात. टांझानियातल्या मागोम्बेरा जंगलात एका संशोधकाला पाहून सापानं तोंडातलं भक्ष्य टाकून दिलं. ते भक्ष्य अज्ञात शॅमेलिऑन निघालं आणि २००९ मध्ये किनयॉंजिया मागोम्बेरी या नावानं त्याचं वर्णन झालं. मलावीमधल्या एका डोंगररांगेतलं चिमुकलं शॅमेलिऑन १९९२ मध्ये नावानिशी जगासमोर आलं. पुढे तिथलं जंगल इतकं तुटलं की ते नामशेष झालं असं वाटू लागलं. २०१६ मध्ये उरल्यासुरल्या तुकड्यांत ते पुन्हा दिसलं. उत्तर मादागास्करातल्या ब्रुकेसिया नानाचं वर्णन २०२१ मध्ये झालं, तेही अवघ्या एका नराच्या आणि एका मादीच्या आधारे. नराची शेपूट सोडून लांबी १३.५ मिलिमीटर. या तिन्ही गोष्टींत रान लहान आहे, चहूबाजूंनी तुटलेलं आहे, आणि प्राणी असा आहे की तो मधला माळ ओलांडून पलीकडच्या रानात जाऊ शकत नाही.

सह्याद्रीत अशा जागी बसणारे सरपटणारे प्राणी म्हणजे निमास्पिस या जीनसमधल्या, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या एका गटातल्या, छोट्या पाली. दिवसा वावरणाऱ्या, खडकाच्या फटीला आणि झाडाच्या बुंध्याला धरून राहणाऱ्या. खानापूरच्या भोवती पाहा: उत्तरेला दाजीपूरहून २००९ मध्ये निमास्पिस कोल्हापुरेन्सिस, पश्चिमेला आंबोलीहून २०१६ मध्ये पिवळ्या पोटाची निमास्पिस फ्लॅव्हिव्हेंट्रालिस आणि २०१८ मध्ये निमास्पिस आंबोलिएन्सिस, गोव्यातून १९७६ ची निमास्पिस गोवाएन्सिस, दक्षिणेला उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्यातून २००२ ची निमास्पिस इंद्रनीलदासी. तीन बाजूंना नावं आहेत. म्हणून मध्ये नवीन असलंच पाहिजे असं नाही. पण तुमच्या पालीची तुलना कुणाकुणाशी करायची, ती यादी इथे तयार मिळाली. पुढचं सगळं मी या पाली डोळ्यांसमोर ठेवून लिहितो. पद्धत घोयऱ्यालाही तीच.

आधी वाचन, मग रान

पहिलं काम टेबलावरचं. तुमच्या भागातून आणि शेजारच्या तालुक्यांतून त्या जीनसच्या कोणकोणत्या प्रजातींची नोंद आहे, याची वही करा. रेप्टाइल डेटाबेस या संकेतस्थळावर प्रत्येक प्रजातीचं मूळ वर्णन कुणी, कधी, कुठल्या जागेवरून केलं ते मिळतं. तिथून मूळ शोधनिबंध गाठायचा. फोटोंच्या पुस्तकावर थांबू नका. जुन्या प्रजातींसाठी माल्कम स्मिथ यांचा १९३५ चा सरड्या-पालींवरचा खंड अजूनही उघडावा लागतो.

वाचताना दोन गोष्टी वेगळ्या रकान्यात लिहा. एक, मूळ नमुना जिथून घेतला ती जागा. दोन, त्या प्रजातीत विलीन झालेली जुनी नावं. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी वेगळं नाव दिलेलं असतं, मागाहून दुसऱ्याला ते वेगळेपण पटलेलं नसतं आणि नाव बाजूला पडतं. तुमची पाल खरोखर वेगळी निघाली, तर ते जुनं नावच आधी विचारात येतं, कारण प्राण्यांच्या नामकरणात आधी दिलेल्या नावाचा मान पहिला. ही तपासणी न करता दिलेलं नवं नाव चार-दोन वर्षांत रद्द होतं.

परवानगी

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, पण तो गाळून पुढे गेलेलं काम छापता येत नाही आणि वर गुन्हा दाखल होऊ शकतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या कलम २८ नुसार अभयारण्यात अभ्यासासाठी, इतकंच काय, फोटो काढण्यासाठीही प्रवेशाची परवानगी लागते. प्राणी पकडायचा किंवा नमुना घ्यायचा तर कलम १२ खाली वेगळी. भीमगड अभयारण्य २०११ च्या डिसेंबरात जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. त्याच्या हद्दीबाहेरचं राखीव जंगल असो की मालकीची जमीन, संरक्षित प्राणी तिथेही संरक्षितच असतो. "आमच्याच बागेतली पाल आहे" ही सबब चालत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कायद्याच्या अनुसूची नव्यानं मांडल्या गेल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून त्या लागू आहेत. जुन्या पुस्तकातली यादी पाहून अर्ज लिहू नका.

अर्ज बंगळुरूच्या अरण्य भवनात, मुख्य वन्यजीव रक्षकांच्या नावे जातो. बेळगावच्या उपवनसंरक्षकांचं मत त्यावर मागवलं जातं. एकट्या व्यक्तीच्या अर्जाला वजन नसतं. महाविद्यालय, विद्यापीठ किंवा संशोधन संस्था मागे हवी. धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ ही जवळची दारं. अर्जात गावांची नावं, महिने, किती नमुने आणि का, हे नेमकं लिहा. सोबत एक पानाचा कन्नड सारांश जोडा. रेंज ऑफिसपासून फॉरेस्ट गार्डपर्यंत तो कागद वाचला जातो, आणि पुढे रात्री अकरा वाजता नाक्यावर गाडी अडवली तर तोच उपयोगी पडतो.

आपल्याकडची खास अडचण हद्दीची. चोर्ला घाटात तिन्ही राज्यांच्या सीमा एकमेकींना खेटून आहेत. ओढ्याच्या अलीकडे कर्नाटक, पलीकडे गोवा, थोडं वर महाराष्ट्र. पालीला हद्द नसते, परवानगीला असते. कर्नाटकाचा कागद घेऊन तिळारीच्या बाजूला नमुना घेतलात तर तो बेकायदा. तुलनेसाठी आंबोली-चंदगडचे नमुने लागणारच असतील, तर महाराष्ट्राचा अर्ज नागपूरला त्याच आठवड्यात टाका, कारण दोन्हीकडे महिने जातात.

जैवविविधता कायदा २००२ चा. त्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आहे. त्याच्या कलम ३९ प्रमाणे नवी प्रजाती सापडली की सरकारनं ठरवून दिलेल्या संग्रहालयाला कळवणं आणि नमुना तिथे जमा करणं बंधनकारक आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, आपल्याला तेच सोयीचं. परदेशी सहलेखक असेल किंवा नमुना देशाबाहेर जाणार असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी आधी घ्यावी लागते.

रानात

पहिल्या वळवाच्या पावसापासून जूनच्या मध्यापर्यंत आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ मला सर्वांत चांगला वाटतो. ऐन जुलैत कणकुंबीला उभं राहता येत नाही, कॅमेऱ्याचं तर विचारूच नका. दिवसा निमास्पिस जांभ्या दगडाच्या गडग्यावर, ओढ्यातल्या धोंड्यांवर, रस्त्याच्या मोऱ्यांखाली आणि देवराईतल्या जुन्या बुंध्यांवर पाहा. चाहूल लागली की ती फटीत शिरते. रात्री कपाळावरची बॅटरी लावून पानांवर, वेलींवर, खडकाच्या उभ्या अंगावर हळू उजेड फिरवा. झोपलेली पाल जागची हलत नाही. घोयराही रात्रीच शोधायला सोपा. फांदीच्या टोकाला झोपतो, अंग फिकं पडतं आणि बॅटरीच्या उजेडात तो भोवतालच्या पानांतून उठून दिसतो.

उचललेला दगड होता तसा, त्याच बाजूनं ठेवा. साल सोलू नका, फट पहारीनं उचकटू नका. एका फटीत पिढ्यान्‌पिढ्या अंडी घातली जातात. ती मोडली की त्या खडकावरच्या पाली संपल्या.

जिवाची काळजीही घ्यायला हवी. शेजारच्या दोडामार्ग आणि सत्तरीत माकडताप येऊन गेला आहे. तो गोचिडीतून पसरतो आणि हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यात जास्त दिसतो. पूर्ण बाह्या, पायजमा मोज्यांत खोचलेला, अंगाला प्रतिबंधक तेल, परतल्यावर कपडे गरम पाण्यात आणि अंग तपासून गोचीड काढणं, हे दरवेळी. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. रानातून आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आपणहून सांगा. हात घालण्याआधी फटीत उजेड टाका. मलबारी चापडा आणि फुरसं पालींच्याच जागी बसतात. एकट्यानं रात्री फिरू नका. गवे आणि अस्वलं या पट्ट्यात भरपूर आहेत.

पाल समोर आली की

समजा, जांभ्याच्या गडग्यावर एक पाल दिसली. तोंडापासून गुदद्वारापर्यंत तीन-साडेतीन सेंटिमीटर, अंग राखाडी-तपकिरी, त्यावर शेवाळासारखे धब्बे. हात लावण्याआधी दुरून तिचे फोटो घ्या, कारण पकडल्यावर रंग बदलतो. डोळा नीट टिपा. बाहुली गोल असेल तर निमास्पिसची शक्यता. घरातल्या पालीची बाहुली उजेडात उभी चीर होते. बोटं पाहा. घरातल्या पालीच्या बोटांना रुंद गाद्या असतात, हिची बोटं बारीक आणि सांध्यात वाकलेली.

मग परवानगी असेल तरच तिला हळूच तळव्यात घ्या. शेपटीला धरायचं नाही, ती तुटते, आणि नव्यानं आलेल्या शेपटीवरचे खवले मूळ शेपटीसारखे नसतात, म्हणजे एक महत्त्वाचं लक्षण कायमचं गेलं. पारदर्शक झिपच्या पिशवीत ठेवून पोटाकडून फोटो काढा, शेजारी मिलिमीटरची पट्टी. गळा पिवळा, केशरी की पांढरा, ते आत्ताच लिहून ठेवा. नमुना दारूत पडला की रंग जातो आणि हा तपशील पुन्हा कधीच मिळत नाही.

नर असेल तर मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि गुदद्वाराच्या पुढे बारीक छिद्रांची रांग दिसेल. निमास्पिसमध्ये ओळखीचा मोठा भाग इथेच आहे. कोल्हापूरच्या प्रजातीत ही रांग एका मांडीपासून दुसऱ्या मांडीपर्यंत अखंड जाते. इतर कित्येक प्रजातींत ती मध्ये तुटते, किंवा फक्त मांडीवर असते. फोटो इतका स्पष्ट हवा की छिद्रं मोजता यावीत. दहा धूसर फोटोंपेक्षा एक असा फोटो पाठवलात तर जाणकार माणूस तुम्हाला त्याच दिवशी दिशा देऊ शकतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक फोटोंत पाठच असते, पोट नसतं, आणि तिथेच बोलणं अडतं.

नोंदवहीत जागेवरच पेन्सिलनं लिहा. फोनवर लिहिलेलं पावसात जातं. नोंद साधारण अशी: दिनांक, वेळ, गाव आणि वाडी, जीपीएस दशांश अंशांत, उंची, कशावर बसली होती, जमिनीपासून किती उंच, ऊन की सावली, हवा, सोबत कोण होतं. जागेला स्थानिक नाव असेल, एखादा कोंड, एखादा सडा, तर तेही लिहा. गवळी-धनगरांना विचारलंत तर प्रत्येक ओढ्याच्या वळणाला नाव असतं.

नमुना घ्यायचा का

हा प्रश्न मला दरवेळी जड जातो. प्रजातीचं वर्णन करायला साधारणपणे एक मुख्य नमुना, म्हणजे होलोटाइप, जपून ठेवावा लागतो. पुढे कुणालाही शंका आली तर तो उघडून पाहता यावा, यासाठी. सोबत काही पॅराटाइप, म्हणजे वर्णनासाठी वापरलेले जोडीचे नमुने. निमास्पिसमध्ये छिद्रांमुळे होलोटाइपला पूर्ण वाढलेला नर बरा; माद्या आणि एखाददुसरा लहान प्राणी असेल तर फरक वयामुळे आहे की लिंगामुळे, ते कळतं. आधी त्या जागी किती प्राणी दिसतात ते दोन ऋतूंत पाहा. मोजकेच दिसत असतील तर घेऊ नका, फोटो आणि शेपटीच्या टोकाच्या तुकड्यावर काम चालवा आणि अनुभवी संशोधकाचा सल्ला घ्या. अंडी पोटात असलेली मादी सोडून द्या.

प्राणी मारणं हे प्रशिक्षित माणसाचं काम, आणि संस्थेच्या नीतिसमितीनं मान्य केलेल्या भुलीच्या पद्धतीनंच. क्रम चुकवून चालत नाही: आधी यकृताचा किंवा शेपटीचा तुकडा ९५ टक्क्यांहून जास्त शुद्ध इथेनॉलमध्ये, मगच शरीर दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये, बोटं पसरून, शेपूट सरळ ठेवून. नंतर पाण्यानं धुऊन ७० टक्के इथेनॉलमध्ये कायमचं. फॉर्मेलिन डीएनए खराब करतं, म्हणून तुकडा आधी. हातमोजे घाला, खोली उघडी ठेवा. क्रमांकाची चिठ्ठी बाटलीवर चिकटवू नका, ती निघते. प्राण्याच्या पायाला दोऱ्यानं बांधा.

मोजमाप आणि खवले

मला या कामात सर्वांत रमवणारा भाग हा. व्हर्नियर कॅलिपरनं ०.१ मिलिमीटरपर्यंत मोजा. तोंडापासून गुदद्वारापर्यंतची लांबी, शेपूट, बगलेपासून जांघेपर्यंतचं अंतर, डोक्याची लांबी-रुंदी-उंची, डोळ्याचा व्यास, डोळ्यापासून नाकपुडीपर्यंत, पुढच्या आणि मागच्या पायाच्या नळ्या. सगळी मापं एकाच माणसानं, प्राण्याच्या एकाच बाजूनं, आधीचे आकडे झाकून पुन्हा घ्यायची. दोन माणसांच्या मापांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक सहज पडतो आणि तीन सेंटिमीटरच्या प्राण्यात तेवढ्यावर कुणीतरी नवी प्रजाती उभी करतो.

मग सूक्ष्मदर्शकाखाली खवले. वरच्या आणि खालच्या ओठांवरचे मोजा. पाठीवरचे सगळे सारखे आहेत की मधून मधून मोठे, उठावदार? बाजूला काट्यासारखे खवले आहेत का? पोटावर आडवे किती, ते गुळगुळीत की मधोमध उठावदार कणा असलेले? मागच्या पायाच्या चौथ्या बोटाखालच्या पट्ट्या मोजा. शेपटीखाली मधली रांग मोठी आहे का, तेही पाहा. हे सगळं एका तक्त्यात, शेजारी प्रत्येक ज्ञात प्रजातीचे रकाने. ते आकडे शोधनिबंधातून उचलण्यापेक्षा मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या किंवा प्राणी सर्वेक्षणाच्या संग्रहात जाऊन मूळ नमुने स्वतः पाहिलेत तर तुमच्या म्हणण्याला जोर येतो. पत्र पाठवून वेळ घ्या, ते दाखवतात.

डीएनए

हे घरी होत नाही. बंगळुरूच्या आयआयएससी किंवा एनसीबीएससारख्या संशोधन संस्थेतल्या गटाशी भागीदारी करावी लागते. पालींमध्ये मायटोकॉन्ड्रियातला एनडी२ हा जनुक सर्वाधिक वापरला जातो, सोबत १६एस. आधीच्या लोकांनी जेनबँक या जनुकक्रमांच्या खुल्या साठ्यात ठेवलेल्या क्रमांशी तुमचा क्रम ताडून वंशवृक्ष काढतात आणि टक्क्यांत फरक पाहतात. ठरावीक टक्के ओलांडले की नवी प्रजाती, असा नियम नाही, कुणी सांगितला तरी मानू नका.

इथे एक सापळा आहे. कणकुंबीची पाल आंबोलीच्या पालीपेक्षा जनुकांत वेगळी निघाली, तर ती वेगळी प्रजाती असेल, किंवा मधल्या चंदगडच्या रानात दोन्हींच्या मधल्या पायऱ्या असतील आणि तुम्ही त्या घेतल्याच नसतील. म्हणून मधले नमुने घेतल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. खवले, जनुकं, राहणीमान आणि नकाशा हे चार साक्षीदार एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर पुढे जा. एकच बोलत असेल तर थांबा आणि तूर्त ती नोंद ज्ञात प्रजातीचं नवं ठिकाण म्हणून छापा. तेही खरं काम आहे, आणि प्रजाती किती भागात पसरली आहे हे त्यावरूनच कळतं.

नाव आणि निबंध

आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेप्रमाणे नाव टिकायचं तर ती नवी प्रजाती असल्याचं स्पष्ट लिहिलेलं हवं, इतरांपासून वेगळं करणारी लक्षणं दिलेली हवीत, होलोटाइप कोणता आणि कुठल्या संग्रहात आहे ते हवं. ऑनलाइन नियतकालिकात छापताना झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या नोंदवहीत नोंदणी लागते. झूटॅक्सा, झूकीज, किंवा कोइमतूरहून निघणारं जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा ही ओळखीची ठिकाणं. परीक्षक दुरुस्त्या सुचवतात, कधी निबंध परत येतो. त्यांच्या प्रत्येक मुद्द्याला तक्त्यानं उत्तर द्यायचं.

गावावरून नाव दिलं तर शेवटी एन्सिस. पुरुषाच्या नावावरून आय, स्त्रीच्या नावावरून ए, अनेक पुरुषांच्या किंवा स्त्री-पुरुष मिळून अनेकांच्या नावावरून ओरम. स्वतःचं नाव स्वतः कुणी देत नाही. माझं मत विचाराल तर जागेचं नाव द्यावं. आंबोलीच्या देवळातल्या कुंडात सापडलेल्या माशाचं २०२० मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशी असं नामकरण झालं आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ती जागा जैविक वारसास्थळ जाहीर केली. तीच हिरण्यकेशी पुढे संकेश्वरवरून आपल्या जिल्ह्यातून वाहते. नावात नदी असली की नदीकाठच्या माणसाला प्राणी आपला वाटतो, हे मी पाहिलं आहे.

लेखकांच्या यादीत कोण, हे काम सुरू होतानाच बोलून घ्या. ज्यानं प्राणी पहिल्यांदा ओळखला, ज्याच्या नोंदी वापरल्या, जो ऋतूंमागून ऋतू त्या खडकापाशी गेला, तो सहलेखक. निबंध इंग्रजीत आहे म्हणून त्याला वगळणं चूक आहे.

जागा किती सांगायची

चीनमधल्या गोनियुरोसॉरस लुई या पालीचं वर्णन १९९९ मध्ये झालं. निबंधातला पत्ता वाचून पाळीव प्राण्यांचा धंदा करणारे तिथे पोहोचले आणि मूळ जागेवरची पाल संपली. सह्याद्रीतल्या पालींनाही परदेशी बाजारात गिऱ्हाईक असतं. निबंधात गाव आणि तालुका पुरे, अचूक अक्षांश-रेखांश संग्रहालयाच्या आणि वनखात्याच्या दप्तरात राहू द्या. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकताना जागा अस्पष्ट करण्याचा पर्याय निवडा, फोनच्या फोटोतली जागेची माहिती काढून टाका आणि मंदिराचं शिखर किंवा धबधबा मागे दिसेल असा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नका.

निबंध छापल्यानंतर

प्रजातीचा पसारा किती, त्यातलं रान किती उरलं आणि कोणता धोका आहे, हे आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या मूल्यमापनासाठी लिहून पाठवावं लागतं. आपल्याकडचे धोके कुणाला शिकवायला नकोत: म्हादईचं पाणी वळवणाऱ्या कळसा-भांडुरा प्रकल्पाचं खोदकाम, घाटरस्त्यांचं रुंदीकरण, जांभ्याच्या खाणी, मालकीच्या रानाच्या जागी उभ्या राहणाऱ्या काजूच्या सलग बागा. गडग्यावर राहणाऱ्या पालीला यातली एक मोठी खाणही पुरेशी आहे.

ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. तिच्यात प्रजातीचं नाव, फोटो आणि स्थानिक नाव चढवून घ्या. निबंधाचा एक पानाचा सारांश मराठीत आणि कन्नडमध्ये करून पंचायत, शाळा आणि रेंज ऑफिसला द्या. पुढे एखाद्या प्रकल्पाची जनसुनावणी लागली तर किमान ३० दिवस आधी सूचना निघते. त्या मुदतीत निबंधाची प्रत, नोंदवहीतल्या पानाची प्रत आणि हरकतीचं पत्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात नेऊन द्या. तोंडी बोलणं इतिवृत्तात त्रोटक येतं, म्हणून हरकत लेखीच हवी, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.